मनकर्णा घरात आहे

उकंडरावचं घर जळालं तेव्हा त्यात जिवंत माणूस कोणी नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण विमा कंपनीच्या कागदावर याच्या उलट लिहिलेलं आहे आणि त्याखाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे. लखमा सुतार, मुक्काम अनसिंग. सही खरी आहे, मजकूर खोटा आहे. ज्याला राग यायचा त्याला येऊ द्या. उकंडराव अजून हिंडतो फिरतो, रामराव एजंट वाशीमला अजून काळी छत्री घेऊन दारोदार जातो, आणि दोघांनाही वाचता येतं.

छत्तीस सालची होळी झाली आणि उकंडरावनं मला बोलावलं. त्याचं गाव अनसिंगपासून दीड कोसावर. घर भक्कम, दोन हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. दरसाल पावसाआधी धाब्यावर नवी माती चढवायची, अशी चढवून चढवून खालची लाकडं पोट सुटल्यासारखी वाकली होती. ते सगळं उतरवून त्याला वर इंग्रजी कवेलू, म्हणजे कौलं, घालायचे होते. माणूस खाऊन पिऊन सुखी. कापूस निघाला की भाव चढेपर्यंत घरातच भरून ठेवायचा, म्हणून दोन वर्षांआधी त्यानं घराचा आगीचा विमा काढला होता. वाशीमला एका जिनवाल्याचं कापसाचं जिन जळलं आणि कंपनीनं पुन्हा उभं करून दिलं, हे त्यानं डोळ्यानं पाहिलं होतं. विमा म्हणजे काय, असं गावात कोणी विचारलं की तो सांगायचा, "घर जळलं तं दुसरं घर देतेत. मानूस मेलं तं नाई देत, पन घर देतेत." लोक हसायचे. मीही हसलो आहे.

आम्ही धाब्याची माती उतरवायला लागलो. त्याचं बिऱ्हाड शेतातल्या गोठ्यात हललं, कारण भाकरीत माती पडायला लागली. तिसऱ्या दिवशी रामराव एजंट आला. पॉलिसी इंग्रजीत, तो वाचत वाचत मराठीत सांगत होता. उकंडराव खाटेवर, मी खाली ओंडक्यावर.

"काम काढलं तर कंपनीला कळवावं लागतं, उकंडराव. ते मी करतो. पण अटी ऐकून ठेवा. कामावरच्या माणसाच्या हातून आग लागली तर कंपनी काही देणार नाही. सरसाची शेगडी, लोहाराचा भाता, चिलीम, सगळं अंगणाबाहेर."

"आयकलं का, मिस्तरी?"

"मी चिलीम पेत नाई, भाऊ."

"पेत नसशीन. आयकून त घे."

"नवं लाकूड अंगणात पडून असलं तर त्याचा विमा नाही. चार भिंतींच्या आत पाहिजे. आणि मुख्य म्हणजे, घर महिनाभराच्या वर रिकामं राहिलं तर पॉलिसी बंद. राहतं माणूस पाहिजे. तुम्ही तर सगळे गोठ्यात गेलात. घरात सध्या कोण राहतं?"

उकंडरावनं मान खाजवली. मग अगदी सहज म्हणाला, "मनकर्णा हाये ना."

"त्या कोण?"

"मायी बायको."

रामरावनं दौतीचं बूच काढलं आणि लिहिलं. मनकर्णाबाई, मालकाची पत्नी, घरात वास्तव्य.

मनकर्णाबाई आठ वर्षांपूर्वी कॉलऱ्यानं मेली होती.

मला वाटलं, बेट्यानं काय थाप मारली. गालातल्या गालात हसलो आणि गप्प बसलो. तिथंच चुकलो. ती थाप नव्हती. उकंडरावच्या हिशेबानं तो खरं बोलला होता.

आमच्याकडे पहिली बायको मेली आणि माणसानं दुसरी केली, तर दुसरीच्या गळ्यात सवतीचा टाक बांधतात. चांदीचा बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. ती आकृती म्हणजे मेलेली. नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग अंगाला लावायचं. पुरणाचा पहिला घास टाकाला. यात चुकलं तर मेलेली रागावते म्हणे. लोक याला रीत म्हणतात. मी याला सोळा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात मढं बांधणं म्हणतो.

त्या पोरीचं नाव तुळसा. ती माझ्या मूळ गावची. पोहरादेवीच्या अलीकडे आमचं वीस-बावीस घरांचं गाव आहे, तिथं तिच्या बापाची आणि माझ्या बापाची भिंत एक. ती मला दादा म्हणायची. उकंडरावला दिली तेव्हा लग्नाच्या लुगड्याची घडी मोडण्याआधी तिच्या गळ्यात मनकर्णा बांधली. सहा वर्षं ती बांधलेलीच होती.

रामराव गेला त्याच दुपारी उकंडरावनं तिला गोठ्यातून बोलावून घेतलं. गावात रीत अशी की घर उघडं केलं की देव हलवायचे, आणि देव हलले की घर भुंडं. देव तर गोठ्यात गेले होते. उकंडराव तिला म्हणाला, "टाक काढ. आतल्या देवळीत ठेव. रोज दुपारी दिवा लाव, भाकर दाखव. घरात ते राह्यली पायजे."

"मी येऊन राहू का घरात?" तुळसानं विचारलं.

"तू कायले? ते हाये ना मालकीन."

तिनं दोरा सोडला. मधल्या खोलीच्या देवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, टाक उभा केला आणि जवसाच्या तेलाचा दिवा लावला. वरचं छप्पर निघालेलं, नुसत्या आडव्या लाकडांतून ऊन खाली पट्ट्यापट्ट्यानं पडत होतं. त्या भर उन्हात तो दिवा दिसतही नव्हता. नुसता वास यायचा.

बाहेर आली तेव्हा गळा चोळत होती.

"हलकं वाटत असन," मी म्हणालो.

"हलकं नाई, दादा. उघडं वाटते."

रोज दुपारी ती भाकर घेऊन यायची, दिवा लावायची, मग माझ्या रंध्यापाशी दोन घटका बसायची. कानामागची माझी पेन्सिल तिला फार आवडायची. मीही शाळेत गेलेलो नाही, मापं लिहिता लिहिता अक्षरं शिकलो. तिला म्हटलं, बस, तुझं नाव शिकवतो. ढलप्यांवर ती तीन अक्षरं गिरवायला लागली. 'ळ' काढताना जीभ बाहेर यायची तिची.

एक दिवस म्हणाली, "दादा, हे आढं वर गेल्यावर त्याची वरची बाजू कोनाले दिसते?"

आढं म्हणजे छपराच्या मध्यावरचं सगळ्यात मोठं लाकूड. सागाचं, पंधरा हाताचं, रंधून तयार झालं होतं. "कोनाले नाई," मी म्हणालो. "त्यावर कवेलू बसतेत."

तिनं माझी पेन्सिल घेतली आणि आढ्याच्या वरच्या अंगाला लिहिलं, तुळसा. मोठ्या अक्षरांत, दाबून. मग पदरानं पेन्सिल पुसून मला परत दिली.

"सहा वर्स झाले. या घरात भांडं तिचं, जातं तिचं, मी वाढलं तं म्हनतेत मनकर्णा असं नोती वाढत. आता नवं घर होऊन राह्यलं. त्यात मायं एवढं तं राहीन."

"राहीन ना. कोन पुसते."

"मले आत घेतीन ना व ते?" ती देवळीकडे पाहून म्हणाली, मला नाही.

मी हसण्यावारी नेलं.

चैत्राच्या शेवटी कंपनीचा इन्स्पेक्टर पाहणीला आला. अकोल्याचा, उंच, डोक्यावर टोप, डाव्या हाताला पट्टी बांधलेली. न कळवता आला, भर बारा वाजता, रामरावला बरोबर घेऊन. उकंडराव आणि तुळसा खळ्यावर होते, अर्धा कोस लांब. तुळसाला त्या दिवशी दिवा लावायलाही यायला झालं नव्हतं. माझे दोघे करवतकरी निंबाखाली आडवे झालेले. मी रामरावशी बोलत उभा, तेवढ्यात साहेब एकटाच आत गेला.

बाहेर आला तो रुमालानं तोंड पुसत.

"रामराव, बाई भेटल्या. बोलत नाहीत फारशा, पण माणसाची कदर आहे. न मागता पाणी दिलं, गुळाचा खडा दिला." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काय हो मिस्तरी, पाणी देण्याआधी त्या उंबऱ्यावर दोन थेंब टाकतात, ते कशाला?"

मी दाराच्या चौकटीकडे पाहिलं.

बारा वर्षांपूर्वी त्याच घराची चौकट मी बसवली होती, माझ्या बापाबरोबर. तेव्हा मनकर्णाबाई जिवंत होती. आल्यागेल्याला गुळाचा खडा द्यायची, आणि तांब्या पुढे करण्याआधी बोटं बुडवून उंबऱ्यावर दोन थेंब टाकायची. का, ते तिलाही सांगता येत नव्हतं. तिच्या माहेरची सवय. गावात दुसरी कोणी बाई असं करत नव्हती. तुळसा तर नाहीच.

साहेबानं नोंदवहीत लिहिलं, घर वस्तीत आहे. तांगा गेल्यावर मी आत गेलो. उंबऱ्यावर रुपयाएवढे दोन ओले ठिपके होते. माझ्या डोळ्यांदेखत वाळले, असं ऊन होतं. खोलीत कोणी नाही. टाक देवळीत. त्याच्यापुढे दिवा जळत होता.

दिवस मावळायच्या आत मी खळ्यावर जाऊन उकंडरावला सांगितलं. मला वाटलं घाबरेल. क्षणभर रंग उतरला खरा. मग त्याचा चेहरा हळूहळू असा खुलला की मला किळस आली.

"म्यां सांगतलं नोतं?" तो म्हणाला. "हाये ना घरात. खोटं लिवलं का म्यां? आता कोनी बोट दाखवून दाखवावं."

तुळसा सूप हातात धरून उभी होती.

"म्यां गूळ नाई देत कोनाले, दादा," ती मला हळूच म्हणाली. "मायाकडे कोरं पानी देतेत. दिवाबी म्यां नाई लावला आज."

"करवतकऱ्यांनं लावला असन," मी म्हणालो.

"तू इचारलं त्यायले?"

मी विचारलं होतं. त्यांनी लावला नव्हता. हे मी तिला सांगितलं नाही.

त्यानंतर ती खोलीत जायला कचरायची. भाकर उंबऱ्यावरूनच पुढे सरकवायची. पण उकंडरावला आता भलताच जोर चढला होता. अटीप्रमाणे त्यानं सगळं सागाचं लाकूड मधल्या खोलीत रचायला लावलं, वासे, रिपा, आढंसुद्धा. खाली रंध्याच्या भुशाचा घोटाघोटा थर. मी म्हटलं, भाऊ, आतमध्ये दिवा लागते, हे बरं नाई. तो म्हणाला, "तिच्या हातानं घर जळनार हाये का बे? तिचंच घर."

वैशाखात मंगरूळपीरला त्याच्या नात्यात लग्न होतं. नवराबायको पहाटेच गाडी जुंपून गेली. दुपारी मी आणि करवतकरी निंबाखाली भाकर खात होतो. सरसाची शेगडी विहिरीपाशी, विझलेली. चिलीम कोणाच्याच तोंडात नाही. हे मी देवाची शपथ घेऊन सांगत नाही, देवाचा अनुभव मला चांगला नाही. माझ्या हातांची शपथ घेऊन सांगतो, त्यांच्यावर माझं पोट आहे.

आधी जवसाच्या तेलाचा वास आला. मी म्हटलं, आज तर कोणी दिवा लावायला नाही. मग आतून बांगड्या वाजल्या. भांडं घासताना वाजतात तशा, सावकाश, काम करणाऱ्या बाईच्या. करवतकऱ्यानं घास तोंडात तसाच धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. दारापर्यंत पोचलो तोवर भुसा पेटला होता. उघड्या छपरातून धूर सरळ वर गेला, वारा नव्हता. विहिरीवरून किती घागरी ओतल्या, मोजल्या नाहीत. सागाचं वाळलेलं लाकूड ते. दिवस कलेपर्यंत चार भिंती उरल्या, आत गुडघाभर राख.

आढं दोन टोकं सोडून सगळं गेलं. त्यावरचं नावही गेलं.

तिसऱ्या दिवशी राख निवाली तेव्हा फावड्याला टाक लागला. वितळला नव्हता. काळा पडला होता, आणि आकृतीचे नाकडोळे सपाट होऊन नुसती बाई उरली होती. कोणाचीही म्हणता येईल अशी.

रामराव आला. खाटेवर बसलाच नाही, उभ्यानंच बोलला.

"आग कशानं लागली, हे लिहून द्यावं लागेल. कामगाराच्या हातून असली तर कंपनी देणार नाही, उलट मिस्तरीवर पोलीस केस होईल. घरात राहणाऱ्या माणसाच्या दिव्यानं असली तर अडचण नाही, राहत्या घरात दिवा लागतोच. मनकर्णाबाईंचा जबाब घेतला की झालं. जखम वगैरे झाली नाही ना त्यांना? आहेत कुठं?"

उकंडरावनं मान वर केली.

"म्हनजे जिती लागते का तुमाले?"

रामरावच्या हातातली छत्री खाली पडली. सगळं कळायला त्याला थोडा वेळ लागला. मग तो उकंडरावला नको नको ते बोलला, स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, कारण अर्ज त्याच्या हातचा होता आणि गेली असती ती त्याची एजन्सी. आणि मग, भला शिकलेला माणूस, पाच मिनिटांत थंड झाला.

"साहेबानं बाई पाहिली आहे. वहीत लिहिली आहे. ती तुमची दुसरी बायकोच असणार, दुसरं कोण? तिनंच जबाब द्यायचा. नाव मनकर्णा सांगायचं, अंगठा करायचा. एक साक्षीदार लागेल, घरातला नसलेला."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी काहून?" मी म्हणालो.

"नाई तं तुई चिलीम, लखमा," उकंडराव म्हणाला. अगदी गोड आवाजात.

"मी चिलीम पेत नाई, तुमाले मालूम हाये."

"मले मालूम हाये. फौजदाराले मालूम नाई."

गावात सगळ्यांना माहीत होतं मनकर्णा कधी मेली ते. तिच्या तेराव्याला जेवलेली माणसं होती ती. पण उकंडरावच्या खळ्यावर कामाला जाणाऱ्यांना आठ वर्षांपूर्वीचं जेवण आठवत नाही.

तुळसा मला विहिरीवर भेटली. तिच्या गळ्यात टाक परत आला होता, नव्या लाल दोऱ्यात.

"दादा, तू नाई म्हन," ती म्हणाली. "तू साक्ष नाई देली तं हे होत नाई. आजपर्यंत ते मायाजवळ होती. आता मले तिचं नाव देऊन राह्यले. मी म्हनली का मी मनकर्णा, तं तुळसा कुठी जाईन?"

त्या वेळी मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. इतकी वर्षं झाली, माझं तोंड त्या शब्दांनी अजून कडू आहे. मी म्हणालो, "एका दिवसाचं काम हाये, तुळसे. अंगठा दे अन् मोकळी हो."

तिनं माझ्या कानामागची पेन्सिल काढून घेतली, थोडा वेळ हातात फिरवली, परत दिली.

दोन दिवस उकंडरावनं तिच्याकडून घोकून घेतलं. नाव काय, बापाचं नाव काय, लग्न कोणत्या साली, दिवा कुठं होता. पहिल्या दिवशी ती दर वेळी "तुळ" म्हणून अडायची. दुसऱ्या दिवशी अडली नाही. उकंडरावनं हात उगारला नाही. गरजच पडली नाही.

जबाबाला साहेब गोठ्यातच आला, सकाळी. बैल बाहेर बांधले होते, जमीन सारवलेली. साहेब खाटेवर, रामराव कागद घेऊन खाली, उकंडराव खांबाला टेकून, मी दाराशी. तुळसा आत चुलीपाशी होती. हाक मारल्यावर बाहेर आली.

हातात तांब्या होता. दुसऱ्या हातात गूळ.

दाराशी येऊन ती थांबली, बोटं पाण्यात बुडवली आणि उंबऱ्यावर दोन थेंब टाकले. मग गूळ दिला, मग तांब्या.

मी उकंडरावकडे पाहिलं. त्यानं हे शिकवलं नव्हतं. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

"हं," साहेब हसला. "ओळख पटली. नाव सांगा, बाई."

"मनकर्णा."

न अडता. आवाज थोडा जाड, थोडा सावकाश. तो आवाज मी बारा वर्षांपूर्वी ऐकला होता, चौकट बसवताना.

साहेब विचारत गेला, ती सांगत गेली. बापाचं नाव घोकवलं होतं तेवढंच नाही, त्याच्या बैलांची नावंही सांगितली. दिवा मीच लावला होता म्हणाली. भुशावर ठिणगी पडली, माझ्या हातून चूक झाली म्हणाली. मग आपणहून विचारलं, "तुमच्या हाताले बरं हाये का आता, साहेब? त्या दिवशी पट्टी होती. तांब्या तुमी उजव्या हातानं घेतला, अन् म्हनले का भाजलं म्हून."

साहेबानं डावा हात पुढे केला. तळव्यावर गुलाबी वण होता. "बरं आहे," तो म्हणाला. "लक्षात ठेवलंत."

पट्टी मी पाहिली होती, पण कशाची ते मला माहीत नव्हतं. ते त्यानं आमच्यापैकी कोणालाही सांगितलं नव्हतं. फक्त आत, त्या खोलीत, त्या बाईला. आणि तुळसा तेव्हा माझ्या माहितीप्रमाणे अर्धा कोस लांब होती.

रामरावनं टाक पुढे केला, लिहायचा. "सही येते का, अंगठा?"

मी तिच्याकडे टक लावून बघत होतो. मनात म्हणत होतो, लिही. तीन अक्षरं लिही, जीभ बाहेर काढून लिही, सगळं उधळून दे. मग मला बेड्या पडल्या तरी चालतील.

"मले कुठी लिवता येते," ती म्हणाली, आणि अंगठा शाईत बुडवला.

त्यानंतर मी सही केली. आता उधळायचं माझ्या हातात होतं आणि मी केली. भ्यालो. याच्यावर आणखी काही सांगण्यासारखं नाही.

कंपनीनं शब्द पाळला. मिरग लागायच्या आत घराची लाकडं पुन्हा आली. काम मलाच दिलं, तोंड बंद राहावं म्हणून. मी घेतलं, एका कारणासाठी. नवं आढं रंधून झाल्यावर मी पेन्सिल वापरली नाही. पटाशी घेतली आणि वरच्या अंगाला बोटभर खोल कोरलं, तुळसा. आग लागली तरी सगळ्यात शेवटी जाईल असं. मग ते वर चढवलं आणि माझ्या हातानं त्यावर कवेलू घातले. कोणाला सांगितलं नाही. करवतकऱ्यांनाही लांब पाठवलं होतं.

वाटलं, निदान हे तरी परत ठेवलं.

बिऱ्हाड नव्या घरात आलं. मी दारावरून जायचो, ती ओट्यावर असायची. मला दादा म्हणत नव्हती. "या मिस्तरी" म्हणायची, गूळ आणायची. मी एकदा दबक्या आवाजात हाक मारली, "तुळसे." तिनं मागं वळून पाहिलं, कोणाला हाक मारली ते बघायला.

दिवाळीच्या आधी मी गावाकडे गेलो तेव्हा तिच्या मायनं मला गाठलं. पोरीचा निरोप नाही, सांगावा नाही, मूळ पाठवलं तर गाडी रिकामी परत आली. म्हातारीला काय सांगायचं ते मला सुचेना. म्हटलं, चल, मी नेतो. जन्म दिलेल्या बाईला पाहून तरी ती वळेल, एवढाच माझा हिशेब होता.

आम्ही पोचलो तेव्हा तिसरा प्रहर होता. ती दारात आली. तांब्या, गूळ. उंबऱ्यावर दोन थेंब.

"तुळसे," म्हातारी रडत म्हणाली, "काहून व, मायले इसरली का?"

ती खाली बसली, म्हातारीच्या समोर. फार मायेनं बसली, हे सांगायलाच पाहिजे. गळ्यातला दोरा पदराआडून वर काढला. त्यात नवा टाक होता. चकचकीत, नुकताच सोनाराकडून आलेला, आकृतीचे नाकडोळे अजून कोवळे.

"माय," ती म्हणाली, "तुळसा नाई आता. आगीत गेली बिचारी. पन म्यां तिले टाकली नाई. हे पाहा, इथी ठेवली. पयलं लुगडं तिले दाखवतो, पयला घास तिले देतो. तिचं काई कमी पडू देत नाई मी."

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. उकंडराव आतून आला होता, तो भिंतीला हात धरून उभा राहिला. त्याचं वजन निम्मं झालं होतं, हे मला तेव्हा दिसलं. घरात तो फारसा बोलत नाही, असं नंतर कळलं.

"खोटं हाये," मी म्हणालो. ओरडलोच. "हे तुळसा हाये. मनकर्णा मेली. म्यां खोटी सही केली, म्यां!"

ती माझ्याकडे वळली. रागावली नाही. लहान मुलाकडे बघतात तशी बघत होती. मग तिनं मान वर केली, छपराच्या मध्यावर, जिथं आढं होतं तिथं.

"तिचं नाव तुमी वर कोरून ठेवलं, मिस्तरी," ती म्हणाली. "लई चांगलं केलं. मेल्या मानसाचं नाव घरात असावं."

म्हातारीनं तो टाक धरला आणि छातीशी लावला. दोरा तिच्या पोरीच्या गळ्यातच होता, त्यामुळे पोरीलाही पुढे वाकावं लागलं.